आधी गाणं, मग व्याकरण



बोईसर-तारापूर भागातल्या बचत गटांच्या बैठकीला आम्ही जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, "ताई, या वयात इंग्रजी कसं यायचं?" मुलांची पुस्तकं इंग्रजीत, बँकेचा फॉर्म इंग्रजीत, कंपनीतल्या पिंपावरची धोक्याची सूचनाही इंग्रजीत. काय लिहिलंय ते न कळता सही करावी लागते, तेव्हा बाई घाबरते. म्हणून आज आम्ही गाण्यातून भाषा शिकण्याचा इतिहास सांगणार आहोत. त्यातला मोठा भाग आपल्याच जिल्ह्यात घडला आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या, त्या वहीत बघून नव्हे. वारल्यांचं लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, तीही तोंडपाठ. ऐकायचं, सोबत म्हणायचं आणि अर्थ हळूहळू उमगत जायचा, ही आपली जुनीच रीत आहे.

या रीतीला शिक्षणात मान दिला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर नेलं. तिथल्या मुलांची घरची बोली वारली. पुस्तकातली मराठी त्यांना जवळजवळ परकीच होती. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावर गेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तिथं पाटीच्या आधी गाणी, गोष्टी आणि खेळ होते. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला.

अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांतच वैधव्य आलं. तरी त्या शिकत राहिल्या, नोकरी करता करता मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशीच्या आसपास पदवीधर झाल्या. "आता काय शिकायचं" म्हणणाऱ्या प्रत्येकीनं हे लक्षात ठेवावं.

आता इंग्रजीकडे येऊ. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग कारखाने आले. शिफ्ट, गेटपास, प्लांट, कॉलनी हे शब्द घराघरात शिरले. ते कुणी फळ्यावर शिकवले नव्हते, कानावर पडून आले. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि लहान मुलं गाण्यांतून इंग्रजी म्हणू लागली. पण त्याआधी शाळा सुटलेल्या आपल्यासारख्यांना ही गाणी मिळालीच नाहीत.

मोठ्या माणसांसाठी रेडिओ मात्र जुना मास्तर आहे. बीबीसीनं १९४३ पासून रेडिओवर इंग्रजी शिकवायला घेतलं. आमचं म्हणणं, रॉक बँडची संथ गाणी, ज्यांना बॅलड म्हणतात, ती यासाठी चांगली. चाल सावकाश असते, शब्द लांबवून म्हटलेले असतात आणि धृपद पुन्हा पुन्हा येतं. त्यामुळे उजळणी आपोआप होते.

एक उदाहरण घेऊ. 'स्कॉर्पियन्स' हा जर्मनीतला बँड. त्यांची मातृभाषा जर्मन, म्हणजे इंग्रजी त्यांनाही शिकावीच लागली. त्यांचे गायक क्लाउस माइने ऑगस्ट १९८९ मध्ये मॉस्कोला कार्यक्रमाला गेले होते. तिथं बदलाची चाहूल लागली आणि त्यातून 'विंड ऑफ चेंज' हे गाणं झालं. त्याच नोव्हेंबरात बर्लिनची भिंत खुली झाली.

या नावातले तीन शब्द पाहा. 'विंड' म्हणजे वारा. 'चेंज' आपल्याला एसटीतल्या सुट्ट्या पैशांमुळे माहीत आहे, इथं त्याचा अर्थ बदल. 'ऑफ' म्हणजे आपला चा-ची-चे. आपण 'बदलाचा वारा' म्हणतो, म्हणजे आधी बदल, मग वारा. इंग्रजीत क्रम उलटा होतो, आधी वारा, मग 'ऑफ', मग बदल. आता आपलं पासबुक काढा. 'बँक ऑफ महाराष्ट्र', म्हणजे महाराष्ट्राची बँक. फॉर्मवर 'डेट ऑफ बर्थ', म्हणजे जन्माची तारीख. एका नावातून एक नियम कळला आणि फॉर्मवरची एक ओळ सुटली.

एक सावधगिरी मात्र हवी. गाण्यात शब्द आखडून म्हणतात. 'गोइंग टू'चं 'गॉना' होतं, 'वॉन्ट टू'चं 'वॉना'. यमकासाठी आणि तालासाठी व्याकरणही वाकवतात. ऐकताना हे ओळखावं, पण अर्जात तसं लिहू नये.

तर या आठवड्यात गटानं एकच गाणं निवडायचं. पहिले दोन दिवस फक्त ऐकायचं, मग धृपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं. त्यातले पाच शब्द वहीत मराठी अक्षरांत लिहायचे, समोर अर्थ लिहायचा. शेवटी पासबुक, रेशनकार्ड, औषधाची पाटी यांवर त्यातला कुठला शब्द सापडतो ते शोधायचं. ज्या बाईला एक सापडेल, तिनं तो पुढच्या बैठकीत बाकीच्यांना शिकवायचा.