रुक्मिणीला मान, मस्तानीला कोंडी

चांदूर रेल्वेहून फार दूर नसलेले, वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर हे परंपरेने रुक्मिणीचे माहेर. तिच्या भावाच्या लेखी कृष्ण म्हणजे गवळी; तरी ती त्याच्याबरोबर गेली, आणि नरेंद्राने १२९२ मध्ये ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. या बंडाला वऱ्हाड आजही हात जोडते.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) ही कादंबरी वाचताना आम्हांला म्हणूनच प्रश्न पडतो : हाच मान मस्तानीला का नाही? बाजीराव रणात असताना घरच्यांनीच तिला कैदेत ठेवले. १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. त्याच वर्षी तीही गेली. कबर पाबळला आहे.

आमच्या मते उत्तर कथेच्या शेवटात आहे. गवळी अखेर यादवकुळातला ठरतो. कुळाची भिंत मोडावीच लागत नाही. इतिहासात ही सोय नाही. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढला, जखमी होऊन मेला. तरी तो पेशव्यांच्या पंक्तीबाहेरचाच राहिला.

ऐतिहासिक प्रेमकादंबरीची खरी कसोटी प्रणयप्रसंगांत नसते. त्या प्रेमाची किंमत पुढच्या पिढीने कशी चुकवली, हे ती दाखवते का, ते पाहावे.