पाडू नका, पण दुरुस्त कोण करणार?

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरची रांग आठवा. एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून लायब्ररी, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि मग एस्प्लनेड मॅन्शन. पहिल्या तिघांचे फोटो सगळेच काढतात. चौथीकडे बघून मात्र "ही अजून उभी कशी?" एवढंच मनात येतं.

ही म्हणजे एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. १८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली, जागा मोकळी झाली आणि जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने तिथे प्लॉट घेतला. डिझाईन रोलंड ऑर्डिश या इंजिनिअरचं. बिडाचा पूर्ण सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने इकडे आणला आणि जागेवर जोडला. प्री-फॅब म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते १८६७ ते १८६९ या काळात मुंबईत झालं होतं! पुढे ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले तेही इथेच. तिकीट एक रुपया. त्याच वर्षी मार्क ट्वेनही इथे राहून गेला.

पुढे हॉटेल बंद पडलं. खोल्यांच्या छोट्या छोट्या खोल्या झाल्या; दुकानं, बिऱ्हाडं आणि कोर्ट जवळ म्हणून वकिलांची ऑफिसं आली. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. तेव्हा ते गरजेचंच होतं. युद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत घरमालकांनी लोकांना अक्षरशः पिळून काढलं असतं. पण तात्पुरती सोय कायमची झाली. १९९९ चा नवा कायदा आला तेव्हा वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, तीही त्याच गोठलेल्या आकड्यावर. आता हिशोब तुम्हीच करा. त्या भाड्यात मालक बिडाचे खांब कसे दुरुस्त करणार? आणि भाडेकरूने तरी दुसऱ्याच्या मालकीच्या इमारतीत स्वतःचे लाखो रुपये का घालावेत?

मग १९९५ साली मुंबईची हेरिटेज नियमावली आली. शहराच्या विकास नियमांतच वारसा इमारतींची यादी घालणारं मुंबई हे देशातलं पहिलं मोठं शहर. श्रेणी १, २-अ, २-ब, ३ अशी उतरंड केली आणि सल्ला द्यायला मुंबई वारसा संवर्धन समिती नेमली. वॉटसन्स २-अ मध्ये. म्हणजे समितीला विचारल्याशिवाय पाडायची नाही, वाट्टेल तशी बदलायची नाही. उत्तम! पण आमच्या भाषेत सांगायचं तर फाईल रीड-ओन्ली केली आणि मेन्टेनन्सचं बजेट शून्य ठेवलं.

नियम करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी टीडीआर ठेवला होता. हीच युक्ती न्यूयॉर्कने आधी वापरली. १९६३ साली तिथलं भव्य पेन स्टेशन पाडायला घेतलं, लोक हळहळले आणि १९६५ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला. मग ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर टॉवर बांधायला मालक कंपनी निघाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७८ साली शहर जिंकलं. कोर्टाने एक मुद्दा असाही धरला की न वापरलेला बांधकामाचा हक्क कंपनीला जवळच्या दुसऱ्या प्लॉटवर नेता येतो, म्हणजे ती अगदीच बुडत नाही.

आता गंमत बघा. टीडीआर मिळतो तो न वापरलेल्या बांधकाम हक्काचा. मोठ्या आवारातल्या बंगल्याला त्याचा फायदा आहे. पण वॉटसन्सने प्लॉट आधीच काठोकाठ भरलेला, वर पाच मजले. तिथे विकायला शिल्लक काय?

परिणाम ठरलेला. २००५ साली बाल्कनीचा भाग कोसळला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या शंभर जागांच्या २००६ च्या यादीत ही इमारत घातली. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडायची शिफारस केली. संवर्धन करणारे आर्किटेक्ट म्हणाले, वाचवता येईल. तज्ज्ञांचा वाद होत राहिला, पण इमारत रिकामी करावी लागली आणि वर्षानुवर्षांचे भाडेकरू बाहेर पडले.

त्याच २०१९ मध्ये, तिथून चालत काही मिनिटांवर, १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग दुरुस्त होऊन झळाळून उभं राहिलं. शहर तेच, नियम तेच, दमट हवा तीच. फरक एवढाच की तिथे सांभाळणारा एक ट्रस्ट होता आणि देणगीचे पैसे होते.

मला वाटतं, "विकासवाले विरुद्ध वारसावाले" हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय. वॉटसन्सला कुणा बिल्डरने खाल्लं नाही. दोन चांगल्या हेतूच्या कायद्यांमध्ये ती सापडली. एकाने माणसं वाचवली, दुसऱ्याने दर्शनी भाग वाचवला आणि दुरुस्तीचं बिल कुणाच्याच नावावर फाडलं नाही. शहर जादा एफएसआय विकून प्रीमियम घेतं, त्यातला एक वाटा अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढता येईल. भाडेकरूंनी थोडं जास्त भरावं, बदल्यात त्यांना बाहेर न काढण्याची लेखी हमी मिळावी. यात रॉकेट सायन्स काही नाही.

नाहीतर यादीत नाव राहील, श्रेणी राहील आणि इमारत एका पावसाळ्यात आपली आपणच निकाल लावून घेईल. तेव्हा कुणाची परवानगी लागणार नाही.