शाळा उर्दूत, घर मराठीत : इस्लापूरच्या बाजूने घरच्या शिक्षणाची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका कायद्यापासून करायची आहे. घाबरू नका, कलमं वाचून दाखवणार नाही.

१९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा. भाषेनुसार राज्यं पाडली, तो. त्यात हैदराबाद संस्थानातले कुठले जिल्हे मुंबई राज्यात जाणार याची यादी आहे. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद, नांदेड अशी मोठी मोठी नावं. आणि त्या यादीत आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातलं एक सर्कल आहे : इस्लापूर. किनवट आणि राजुरा हे अख्खे तालुके आले, पण बोथ तालुक्यातून आलं ते फक्त इस्लापूर सर्कल. बोथ आज तेलंगणात आहे. इस्लापूर आपल्याकडे, नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात. सहस्रकुंडचा धबधबा बघायला गेला असाल तर या गावाच्या जवळूनच गेला असाल.

आता तुम्ही म्हणाल, विषय होमस्कूलिंगचा सांगितला होता, हे काय चाललंय? सांगतो.

समजा, १९४० साली इस्लापुरात एक लेकरू जन्मलं. ते आठ वर्षांचं झालं तेव्हा निजामाचं राज्य गेलं. सोळाव्या वर्षी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आलं. वीस वर्षांचं होईपर्यंत महाराष्ट्र झाला. घर तेच, आंगण तेच, बाजूची पैनगंगाही तीच. पण सरकारची भाषा बदलत गेली आणि शाळेची भाषा सरकारच्या मागे मागे. घरातली भाषा मात्र कुणी कायदा करून बदलली नाही. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी तेलुगू, गोंडांच्या घरी गोंडी, तांड्यावर गोरमाटी.

आज पुण्या-मुंबईतले काही आईबाप लेकरांना शाळेत न घालता घरी शिकवतात. त्यांच्या आपसातल्या गप्पा ऐकल्या तर सल्ले साधेच असतात. सकाळी डोकं ताजं असताना शिकवा. रोज थोडं मोठ्यानं वाचून दाखवा. भाजीच्या हिशेबात गणित शिकवा. एकाच जागी तासन्‌तास बसवू नका. ऐकायला एकदम नवं वाटतं. पण आपल्या मुलखात हे कुणी हौस म्हणून केलं नाही, गरज होती म्हणून केलं.

निजामाच्या राज्यात दरबाराची, कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. एका भारतीय भाषेत विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवायचं हे धाडस मोठंच होतं, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण मराठवाड्यातल्या पोरासाठी त्याचा अर्थ काय झाला? खालच्या वर्गात कुठं मराठी मिळाली तर मिळाली. वर जायचं म्हणजे भूगोल उर्दूत, गणित उर्दूत, इतिहास उर्दूत. आणि स्वतःची खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागायची. ती मिळणं सोपं नव्हतं. तरीही काही शाळा निघाल्या. १९२१ ची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्यातलीच. तिथं पुढे व्यंकटेश खेडगीकर मुख्याध्यापक झाले. त्यांना आपण स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखतो. नांदेडच्या विद्यापीठाला नाव आहे ते यांचंच.

पण हिप्परगा किती जणांच्या वाट्याला येणार? बाकीच्यांची मराठी घरात टिकली. कशी टिकली, तर ऐकून. श्रावणात पोथी लागायची. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’. वाचता येणारा एक आणि ऐकणारे वीस. वाचणारा ओवी म्हणायचा, मग तिचा अर्थ रोजच्या बोलीत सांगायचा, ऐकणारे हूं भरायचे. तुम्ही आत्ता कानात इअरफोन घालून जे करताय ना, जवळपास तेच. फरक इतकाच, की त्यांना पॉज करता येत नव्हतं!

आणि गणित? पाढे तर होतेच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हेही पाठ. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे. रुपयाचे सोळा आणे, शेराचे सोळा छटाक, मणाचे चाळीस शेर. असा सगळा हिशेब असल्यावर पूर्णांकांचे पाढे पुरणार कसे? दीड रुपया शेरानं सात शेर घेतले, तर दिडकी पाठ असलेला माणूस बोटसुद्धा न हलवता साडेदहा सांगायचा. हे शिकवायला पंतोजी होते, तसं दुकान होतं, बाजार होता, घरातला म्हाताराही होता. संध्याकाळी दिवा लागला की परवचा म्हणायची रीत कितीतरी घरांत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांचं टाइमटेबल दिव्यावर ठरलेलं होतं.

मराठवाड्यातल्या त्या घरांमध्ये कोण कसं शिकवत होतं, हे नावानिशी फारसं लिहून ठेवलेलं नाही. म्हणून थोडं बाहेर जाऊ, जिथं लिहून ठेवलंय तिथं.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे. ते विद्यार्थी असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत शिकवत. ते बघून यांच्या मनात आलं, आपणही बायकोला शिकवायचं. लोकांनी धारेवर धरलं. शेवटी कुटुंब गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिलं. रमाबाईंच्या वेळेपर्यंत वडील थकले होते, म्हणून तिला आईनं, लक्ष्मीबाईंनी शिकवलं. कधी? पहाटे. दिवसभर घरकाम, येणारेजाणारे, पुढे तीर्थयात्रा. मोकळा वेळ म्हणून नव्हताच. तेव्हा अंधार असतानाच त्या लेकीला लाडानं, हळूच उठवायच्या. पाखरं बोलायला लागायची आणि इकडे श्लोक सुरू. पुस्तक हातात नाही, आई म्हणणार आणि मुलगी मागून म्हणणार. साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हे चाललं.

पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर पायी देशभर फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. शाळेची पायरी न चढलेली बाई! घरच्या शिक्षणाची बाजू मांडायला याहून जबरदस्त उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण थांबा. त्याच काळातली दुसरी गोष्ट ऐका, म्हणजे चित्र पुरं होईल.

आनंदीबाई जोशी. जन्म १८६५, लग्न नवव्या वर्षी. नवरा गोपाळराव, पोस्टात नोकरीला, वयानं कितीतरी मोठा. बायकोला शिकवायचंच हा त्यांचा ध्यास. मधे मधे ती शाळेतही गेली, पण खरा मास्तर नवराच. आणि तो मास्तर मारकुटा. अभ्यास सोडून स्वयंपाकात रमली म्हणून मार. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, त्यातून गोपाळरावांचा हा तापटपणा दिसतो. १८८६ साली आनंदीबाई फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानाला कोण हजर होतं माहितीये? पंडिता रमाबाई! घरी शिकलेल्या दोघी मराठी बायका, सातासमुद्रापलीकडे, एकाच सभागृहात. एकीला आईनं लाडानं उठवून शिकवलं होतं, दुसरीला नवऱ्यानं मारून. पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, आनंदीबाई क्षयानं गेल्या. वय अवघं एकवीस.

गोपाळराव नसते तर आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, असं आपण नेहमी ऐकतो. खरं आहे. पण माझं मत विचाराल तर, म्हणून मार माफ होत नाही. शाळेत मास्तरनं मारलं तर निदान चार पोरं बघतात, हेडमास्तर असतो, बाप येऊन भांडतो. घरात मास्तर आणि मालक एकच असला तर त्या लेकरानं तक्रार कुणाकडं करायची? घरी शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. रोज एखादं बाहेरचं माणूस, आत्या, शेजारी, मित्रमैत्रिणी लेकराच्या आसपास असणं म्हणूनच गरजेचं आहे.

हे ओळखून आईबापांशी बोलणारी एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली : ताराबाई मोडक. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि त्यांनी मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ वर्षानुवर्षं चालवली. गिजुभाई-ताराबाईंचं म्हणणं अगदी घरगुती होतं. लेकराला मारू नका. बक्षिसाचं आमिषही दाखवू नका. त्याचं काम त्याला करू द्या, सांडलं तर सांडू द्या. ‘छडी लागे छमछम’च्या जमान्यात हे बोलायला छाती लागत होती.

१९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला. जोडीला अनुताई वाघ. वारली लेकरं शाळेत येईनात, तर या दोघींनी शाळाच त्यांच्या आंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे जिथं गुरं तिथं शाळा. आज गावोगाव अंगणवाडीचा बोर्ड दिसतो, पण त्यातल्या ‘अंगण’ या शब्दाकडं आपलं लक्ष जात नाही.

आता पुन्हा आपल्या बाजूला, इस्लापूरच्या पलीकडच्या जंगलात. पोथी असो, परवचा असो, पहाटेचे श्लोक असोत, एक गोष्ट सगळीकडं गृहीत धरलेली आहे : घरात कुणीतरी शिकलेलं आहे. आणि तेही बहुतेक वरच्या जातीच्या घरात. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला अक्षर माहीत नाही, तिथं ‘घरीच शिकवा’ म्हणणं म्हणजे थट्टा झाली.

१९४० साली आदिलाबादच्या जंगलात जमिनीच्या हक्कासाठी उठाव झाला आणि जोडेघाटला कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं, हे असं का झालं ते समजून घ्यायला. त्याच्या लक्षात आलं की कागद वाचता येत नाही म्हणून या लोकांच्या जमिनी जातात. अंगठा उठतो आणि शेत दुसऱ्याचं होतं. म्हणून १९४३ मध्ये मारलवाई या छोट्या गावात गोंडांसाठी शिक्षणाचं केंद्र सुरू झालं. शिकवायची भाषा उर्दू नाही, तेलुगू नाही. गोंडी! आणि लिपी कुठली घेतली? देवनागरी. कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षर येत होतं, त्यांना ते मराठीमुळं येत होतं. उर्दूच्या राज्यात गोंडी भाषेची वाचनमाला देवनागरीत छापली गेली. तिथं शिकून तयार झालेले गोंड तरुणच पुढे आपल्या गावांत मास्तर झाले.

सध्याच्या नियमांचंही थोडक्यात सांगतो, कारण हे विचारलं जातंच. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरी शिकणारी बरीच मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देतात. आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना माहीतच आहे. दहावी-बारावीला बाहेरून बसण्याची ती वाट. गावाकडं शाळा सुटलेल्या कितीतरी पोरापोरींनी शेतातलं काम सांभाळून याच फॉर्मवर दहावी काढली. त्यांना कुणी होमस्कूलर म्हटलं नाही, एवढंच.

हिप्परग्याची शाळा आज घाईघाईत उरकली, तिच्यावर पुढचा अख्खा भाग करू. तोपर्यंत एक काम करा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना दिडकी म्हणायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू!