कोसंबींचे दोन पेपर आणि आपला पहिला पेपर

नांदेड-लातूरकडं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालं की पहिल्याच वर्षी एक प्रश्न कानावर येतो : "पेपर कुठं टाकला?" काय लिहिलं, हे कुणी लगेच विचारत नाही. मग मोबाईलवर मेसेज येतो, 'दोन दिवसांत पेपर स्वीकारू, फी एवढी, सर्टिफिकेट सोबत.' पैसे पाठवण्याआधी जर्नल ही चीज नेमकी कशासाठी असते, ते तीन जुन्या उदाहरणांतून पाहू.

पहिलं उदाहरण गणिताचं. द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. पदवी बी.एस्सी., विद्यापीठात नोकरी नाही. त्यांना ६१७४ या संख्येचा गुण सापडला. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमानं ५४३२, चढत्या क्रमानं २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच करा : ८३५२. पुन्हा करा : ६१७४. चारही अंक सारखे नसतील, तर कुठलीही चार अंकी संख्या शेवटी इथंच येते. हा निष्कर्ष १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त छापून आला. तो खरा की खोटा, हे वाचणाऱ्याला कागद-पेन घेऊन तपासता येतं. त्यामुळं लेखकाची पदवी आड आली नाही.

पण सगळं गणित इतकं सोपं तपासता येत नाही. दुसरं उदाहरण दा. ध. कोसंबींचं. १९४४ साली, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना, त्यांचा एक छोटा पेपर 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये आला. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर कसं काढायचं, याचं त्यात सूत्र होतं. आनुवंशिकी आणि संख्याशास्त्र जाणणारे लोक ते जर्नल वाचत. त्यांनी सूत्र वापरलं, पारखलं. आज पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे विद्यार्थी 'कोसंबी मॅपिंग फंक्शन' वापरतात, ते हेच.

त्याच कोसंबींनी १९५९ साली रीमान गृहीतकाच्या सिद्धतेचा दावा केला. गणितातला हा सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एक. पण तो पेपर छापला कुठं? भारतीय कृषी संख्याशास्त्र परिषदेच्या जर्नलमध्ये! संख्या सिद्धांताचे तज्ज्ञ ज्या जर्नलांतून एकमेकांचं काम तपासत, त्यांत हे नव्हतं. सिद्धता टिकली नाही, आणि गणितज्ञ म्हणून त्यांच्या नावाला धक्का बसला. माणूस तोच, बुद्धी तीच, जर्नलही खोटं नव्हतं. फक्त ते काम पारखणारे लोक तिथं नव्हते.

वैद्यकात तर हे आणखी जड जातं. औषधाचा निष्कर्ष वाचकाला घरी बसून तपासता येत नाही, आणि चुकला तर रुग्ण भोगतो. म्हणून तिथं छापण्याआधीची तपासणी फार मोलाची. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटलमधून १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघतं. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ते इंटरनेटवर सगळ्यांना मोफत खुलं केलं, तेही लेखकाकडून फी न घेता. म्हणजे फी घेतल्याशिवाय जर्नल चालतच नाही, असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

मग आपल्याकडं बाजार कसा भरला? २००९ च्या यूजीसी नियमांत थीसिस देण्याआधी एक पेपर छापणं सक्तीचं झालं. सक्ती आली, गरजू गिऱ्हाईक तयार झालं, दुकानं निघाली. त्यावर उपाय म्हणून मान्य जर्नलांची यादी आली. पण २०१८ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी त्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नलं तपासली, तर ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असावीत असं दिसलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. पुढं 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत, पेपरची देशपातळीवरची सक्तीच गेली.

म्हणजे आता पारख तुम्हालाच करायची आहे. गाईड सरांशी बोला, आपल्या विद्यापीठाचा आजचा नियम विचारून घ्या. मग जर्नलचे मागचे तीन अंक उघडा. तुमच्या विषयाची माणसं तिथं लिहितात का? संपादक मंडळावरचे लोक खरंच त्या विषयाचे आहेत का? पेपर आल्यापासून छापेपर्यंत किती दिवस गेले? दोन दिवसांत कुणी तुमची आकडेमोड तपासत नाही.

आणि चांगल्या जर्नलकडून पेपर दुरुस्तीला परत आला, तर खचू नका. कुणीतरी तो नीट वाचलाय.