कंत्राटदाराचा जामीन

आपल्या जुन्या दफ्तरांत हाजिरजामीन आणि मालजामीन असे दोन शब्द भेटतात. पहिला माणूस हजर करण्याची हमी देई, दुसरा पैशाची. बांधकामाच्या कंत्राटात प्रश्न येतो तो दुसऱ्याचा. काम अर्धवट टाकून कंत्राटदार निघून गेला, तर नुकसान कोणी सोसायचे? अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर शोधताना घेतलेली वळणे प्रशासनाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखी आहेत.

वॉशिंग्टन शहर उभारले जात असताना, 1791 साली, मेरीलँड राज्याने गवंडी, सुतार व माल पुरविणारे यांना थकलेल्या पैशापोटी इमारतीवर 'लियन' ठेवण्याचा हक्क दिला. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत हा बोजाच. परंतु सरकारी इमारतीवर बोजा चढवून तिचा लिलाव मागता येत नाही. म्हणजे सरकारचे काम पुरे होई आणि विटा पुरविणारा मात्र रिकाम्या हाताने परते. ही उणीव भरून काढण्यासाठी 13 ऑगस्ट 1894 रोजी हर्ड कायदा झाला. सरकारी कंत्राटदाराने मजूर व पुरवठादार यांची देणी भागविण्याबद्दल जामीनरोखा द्यावा, असे त्याने ठरविले. त्याच दिवशी संमत झालेल्या दुसऱ्या कायद्याने संघराज्याच्या व्यवहारांत कंपन्यांना जामीन राहण्याची मुभा दिली. ओळखीपाळखीने उभा राहिलेला जामीनदार ऐन वेळी स्वतःच नादार निघतो, हा अनुभव काही केवळ आपल्याच देशाचा नव्हे.

हर्ड कायद्यात एक खोट होती. रोखा एक आणि हक्कदार दोन. त्यातही सरकारचा मान पहिला. सरकारचा हिशेब मिटेपर्यंत मजुराने थांबायचे, आणि उरले तर घ्यायचे. मंदीच्या काळात, 1935 साली, मिलर कायद्याने दोन रोखे वेगळे केले: एक काम पुरे करण्याचा, सरकारसाठी, दुसरा देणी भागविण्याचा, मजूर व पुरवठादारांसाठी. सुधारणा साधी दिसते, पण तिला 41 वर्षे लागली.

खाजगी घराची दुरुस्ती करणाऱ्यांकडे राज्ये वळली. कॅलिफोर्नियात 1929 पासून कंत्राटदारांना परवाने देणारी यंत्रणा आहे. परवान्यासोबतचा जामीनरोखा 1 जानेवारी 2023 पासून 25,000 डॉलरचा आहे. त्यापूर्वी तो 15,000 चा होता. तेथे राहणाऱ्या वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही रक्कम एका घरासाठी नसून त्या परवान्यावरील सर्व तक्रारदारांत वाटली जाते. शिवाय हा विमा नव्हे. जामीनदार कंपनी दिलेले पैसे कंत्राटदाराकडून वसूल करते, त्यामुळे दावा सहजासहजी मानत नाही. कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिल्यावरही फरशीवाल्याचे थकले असतील, तर तो घरावर लियन आणू शकतो!

आपल्याकडे 1872 च्या करार कायद्यात हमीची कलमे आहेत. कलम 133 अधिकाऱ्यांनी पुन्हा वाचावे: जामीनदाराच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या, तर पुढील व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. वाढीव कामाचा आदेश काढताना हे कोणाच्या लक्षात राहते? कदाचित म्हणूनच सरकारची भिस्त मागताक्षणी पैसे देणाऱ्या बँक हमीवर राहिली. तिच्यापोटी कंत्राटदाराचे खेळते भांडवल मात्र बँकेत अडकून पडते. 2022 साली वित्त मंत्रालयाने बँक हमीऐवजी विमा कंपनीचा जामीनरोखा चालेल असे ठरविले, आणि विमा नियामकाची त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली.

या सर्वांत संरक्षण आहे ते प्रामुख्याने सरकारी तिजोरीला. मजुरीची जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर टाकली खरी, पण वाळू आणि सिमेंट पुरविणाऱ्यासाठी मिलर कायद्यातल्या दुसऱ्या रोख्यासारखे काही आपण केलेले नाही. आणि पुण्यातला सदनिकेचा नूतनीकरण-व्यवहार दिल्लीहून अथवा दुबईहून दूरध्वनीवर चालविणाऱ्या मालकाच्या हाती तर ना रोखा, ना परवाना. असतो तो केवळ रोखून धरलेला शेवटचा हप्ता, आणि तोही बहुतेकांनी आगाऊ देऊन टाकलेला असतो.