वनस्पती व ट्रान्स वसा

वनस्पती व ट्रान्स वसा : वनस्पतिज खाद्य तेलांचे अंशतः हायड्रोजनीकरण करून मिळणाऱ्या घट्ट, रवाळ व तुपासारख्या दिसणाऱ्या पदार्थाला भारतात ‘वनस्पती’ ही संज्ञा आहे. लोकव्यवहारात तो ‘वनस्पती तूप’ किंवा ‘डालडा’ या नावाने ओळखला गेला. दुसरे नाव मुळात एका उत्पादकाचे व्यापारचिन्ह होते. परंतु मराठीत ते या पदार्थाचे सामान्यनाम बनले. अंशतः हायड्रोजनीकरण होताना तेलातील काही असंतृप्त वसाम्लांची रचना बदलते व ‘ट्रान्स’ (विपक्ष) वसाम्ले तयार होतात. हृदयविकार व चयापचयातील बिघाड यांच्याशी या वसाम्लांचा संबंध सिद्ध होण्यास सुमारे नव्वद वर्षे लागली. स्वस्त स्निग्ध पदार्थाची समाजाची गरज, उद्योगाची सोय व शास्त्रीय ज्ञानाची संथ वाटचाल यांचा तो इतिहास आहे.

रासायनिक स्वरूप : तेलातील असंतृप्त वसाम्लांच्या कार्बन साखळीत एक किंवा अधिक द्विबंध असतात. निसर्गतः वनस्पतिज तेलांत द्विबंधालगतचे दोन्ही हायड्रोजन अणू एकाच बाजूस असतात (समपक्ष रचना). त्यामुळे साखळीला बाक येतो, रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत व तेल द्रवरूप राहते. हे अणू विरुद्ध बाजूंस गेले, म्हणजे साखळी जवळजवळ सरळ होते व पदार्थ घट्ट बनतो. ओलेइक अम्ल सुमारे १३° से. तापमानास वितळते, तर त्याचाच ट्रान्स समघटक असलेले इलायडिक अम्ल सुमारे ४५° से. तापमानास वितळते. दोहोंतील अणूंची संख्या सारखीच असते. फरक केवळ मांडणीचा असतो. गाई-म्हशींसारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरातील सूक्ष्मजंतूंमुळेही ट्रान्स वसाम्ले बनतात. म्हणून दूध व साजूक तूप यांत ती अल्प प्रमाणात आढळतात.

शोध व औद्योगिक प्रसार : फ्रान्समध्ये पॉल साबात्ये व झां बातीस्त सांदरां यांनी १८९७ पासून निकेल या उत्प्रेरकाच्या साह्याने वायुरूप कार्बनी संयुगांत हायड्रोजन मिळविण्याची पद्धती विकसित केली. या कार्याबद्दल साबात्ये यांना १९१२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला. द्रव तेलांना ही पद्धती लावण्याचे श्रेय जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म नॉर्मान यांचे असून त्यांनी १९०२ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. इंग्लंडमधील क्रॉसफील्ड या साबण कंपनीने हे हक्क घेतले. त्या काळी साबण, मेणबत्त्या व मार्गारीन यांसाठी लागणाऱ्या प्राणिज चरबीचा तुटवडा होता. स्वस्त तेले व देवमाशाचे तेल घट्ट करता येऊ लागल्याने तो दूर झाला. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने १९११ मध्ये सरकीच्या तेलापासून बनविलेला ‘क्रिस्को’ हा पदार्थ स्वयंपाकासाठी विक्रीस आणला. तो स्वस्त होता, लवकर खवट होत नसे आणि त्याने भाजलेले पदार्थ खुसखुशीत होत. याच गुणांमुळे पुढे जगभर बेकरी उद्योगाने हायड्रोजनीकृत वसा स्वीकारली.

भारतातील प्रवेश : पहिल्या महायुद्धानंतर नेदर्लंड्समधून हा पदार्थ भारतात आयात होऊ लागला. साजूक तूप महाग व भेसळयुक्त असल्याने त्याला गिऱ्हाईक मिळाले. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना मुंबईत शिवडी येथे उभा राहिला. १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. गोल पत्र्याचा डबा व त्यावरील ताडाचे चित्र घरोघर परिचित झाले. १९५६ मध्ये ही कंपनी हिंदुस्थान लीव्हर या कंपनीत विलीन झाली. प्रारंभी मुख्य कच्चा माल शेंगदाण्याचे तेल हा होता. पुढे सरकी, सोयाबीन व पाम या तेलांचा वापर वाढला. मिठाईवाले, खाणावळी व बेकऱ्या यांचा वनस्पती हा आधार ठरला. खारी, नानकटाई, बालूशाही यांसारखे पदार्थ सामान्य माणसाला परवडू लागले, ते मुख्यतः त्यामुळेच.

वाद व नियंत्रण : वनस्पतीला विरोधही लवकर सुरू झाला. म. गांधींनी तिच्यावर टीका केली. तुपातील भेसळ, गोपालनाचे नुकसान व पोषणमूल्याचा अभाव हे विरोधकांचे मुख्य मुद्दे होते. स्वातंत्र्यानंतर संसदेतही बंदीची मागणी झाली. परंतु बंदीचा कायदा झाला नाही. तेल व तूप यांचा तुटवडा असताना एक स्वस्त स्निग्ध पदार्थ काढून घेणे शासनाला व्यवहार्य वाटले नाही. त्याऐवजी नियंत्रणाचा मार्ग पत्करण्यात आला. १९४७ मध्ये वनस्पतिज तेल उत्पादनांच्या नियंत्रणाचा आदेश निघाला. वनस्पतीला वेगळा रंग देण्याची कल्पना पुढे आली. पण योग्य असा टिकाऊ व निर्धोक रंग सापडला नाही. म्हणून तीत तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे करण्यात आले. तुपात वनस्पतीची भेसळ असल्यास बोदवँ परीक्षेत फुरफुराल व हायड्रोक्लोरिक अम्ल यांच्यामुळे या तेलातील घटकाचा गुलाबी रंग येतो व भेसळ उघडकीस येते. अ जीवनसत्त्व घालणेही बंधनकारक झाले.

आरोग्याच्या दृष्टीने त्या काळी पाहिली जाणारी मुख्य बाब पचनीयतेची होती. प्राण्यांवरील आहार-प्रयोगांत वाढ, पचन व प्रजनन यांची मोजणी होई आणि वितळबिंदू शरीराच्या तापमानाच्या आसपास असलेली वनस्पती पचनास योग्य मानली जाई. म्हणून वितळबिंदूवर मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा पाळूनही पदार्थ घट्ट व रवाळ ठेवावयाचा, तर संतृप्त वसाम्लांपेक्षा कमी तापमानास वितळणारी ट्रान्स वसाम्लेच सोयीची ठरत. अशा रीतीने एका निकषावर निर्दोष ठरलेल्या पदार्थात दुसऱ्याच दोषाला वाव राहिला. रक्तातील कोलेस्टेरॉल व रोहिण्यांची स्थिती या गोष्टी त्या निकषांत नव्हत्या. विरोधकांची शंका वायफळ नव्हती. मात्र तिला आधार देणारा पुरावा तेव्हा कोणापाशीच नव्हता.

शरीरावरील परिणाम : वायुवर्णलेखन व अवरक्त वर्णपटविज्ञान या तंत्रांमुळे १९५० नंतर ट्रान्स वसाम्लांचे मापन शक्य झाले. १९५७ मध्ये अमेरिकेतील फ्रेड कुमरो व त्यांचे सहकारी यांनी मानवी ऊतकांत ही वसाम्ले साठत असल्याचे दाखविले. तरीही पुढील तीन दशके मुख्य संशय संतृप्त वसेवर राहिला. लोणी सोडून मार्गारीन वापरावे, असा सल्ला पाश्चात्त्य देशांत दिला जाई व तो सद्‌हेतूनेच दिला जाई.

१९९० मध्ये नेदर्लंड्समधील मेनसिंक व काटान यांनी ५९ निरोगी व्यक्तींना तीन प्रकारचे आहार प्रत्येकी तीन आठवडे देऊन रक्ताची तपासणी केली. ट्रान्स वसेमुळे अपायकारक (कमी घनतेच्या) कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते व उपकारक (अधिक घनतेच्या) कोलेस्टेरॉलचे घटते, असे आढळले. संतृप्त वसेने पहिले वाढते, पण दुसरे घटत नाही. म्हणजे पर्याय म्हणून वापरलेला पदार्थ मूळ पदार्थाहून वाईट ठरला. १९९३ मध्ये वॉल्टर विलेट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे ८५,००० परिचारिकांच्या आठ वर्षांच्या पाहणीवरून ट्रान्स वसेचे सेवन व हृद्‌रोहिणी विकार यांचा संबंध दाखविला. २००६ मधील एका समीक्षेनुसार एकूण ऊर्जेच्या २ टक्के ऊर्जा ट्रान्स वसेतून मिळाल्यास हृद्‌रोहिणी विकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो.

कोलेस्टेरॉलखेरीज रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराचे कार्य बिघडणे व शरीरातील शोथाची लक्षणे वाढणे हे परिणामही नोंदले गेले आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांना सहा वर्षे ट्रान्स वसायुक्त आहार दिला असता, तितक्याच ऊर्जेचा दुसरा आहार घेणाऱ्या माकडांपेक्षा त्यांचे वजन व पोटातील चरबी अधिक वाढली आणि इन्शुलिनाला मिळणारा प्रतिसाद मंदावला. मानवातील मधुमेहाबाबतचा पुरावा मात्र इतका एकमुखी नाही. परिचारिकांच्याच पाहणीत २००१ मध्ये असा संबंध दिसला. इतर पाहण्यांत तो सर्वत्र आढळला नाही. हृदयविकाराबाबतचे निष्कर्ष त्या मानाने पुष्कळच दृढ आहेत.

निर्बंध : डेन्मार्कने २००३ मध्ये तेले व वसा यांतील औद्योगिक ट्रान्स वसेवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. असे करणारा तो पहिला देश होय. १९५७ च्या संशोधनात सहभागी असलेल्या कुमरो यांनी २००९ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे बंदीसाठी अर्ज केला व २०१३ मध्ये न्यायालयात दावा लावला. २०१५ मध्ये प्रशासनाने अंशतः हायड्रोजनीकृत तेलांची ‘सुरक्षित’ ही मान्यता काढून घेतली. दोन वर्षांनी कुमरो निधन पावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये औद्योगिक ट्रान्स वसेच्या जागतिक निर्मूलनाचा कार्यक्रम जाहीर केला. प्रौढ व्यक्तीने एकूण ऊर्जेच्या १ टक्क्यापेक्षा कमी, म्हणजे २,००० कॅलरींच्या आहारात सु. २.२ ग्रॅ. पेक्षा कमी ट्रान्स वसा घ्यावी, अशी तिची शिफारस आहे.

भारतात २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने केलेल्या तपासणीत बाजारातील वनस्पतीत डॅनिश मर्यादेच्या अनेक पट ट्रान्स वसा आढळली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ही मर्यादा प्रथम १० टक्के व नंतर ५ टक्के ठरविली. २०२१ च्या आरंभी ती ३ टक्के व जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली.

पर्याय व मर्यादा : पूर्ण हायड्रोजनीकरण केल्यास द्विबंधच उरत नाहीत व ट्रान्स वसाही जवळजवळ राहत नाही, परंतु पदार्थ फार कठीण होतो. म्हणून तो द्रव तेलात मिसळून त्यांतील वसाम्लांची अदलाबदल घडवितात. पाम तेलाचे घट्ट अंशही वापरतात. मात्र त्यांत संतृप्त वसा पुष्कळ असते. तेच तेल वारंवार तापविल्यानेही थोडी ट्रान्स वसा तयार होते. वेष्टनबंद मालावरील नियम पाळला जातो की नाही, हे प्रयोगशाळेत तपासता येते. सुट्या मिठाईवर व कढईतल्या तळणीवर मात्र घटकांची चिठ्ठी नसते आणि स्वस्त स्निग्ध पदार्थांवर सर्वांत जास्त अवलंबून असणारा वर्ग तेच पदार्थ अधिक खातो. निर्बंधाची खरी कसोटी त्यामुळे कारखान्यापेक्षा रस्त्यावरच्या दुकानात आहे.