रस्त्याच्या खडबडीतपणाचे मापन

१९४३ साली नागपूर येथे प्रांतोप्रांतींच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तीतून ‘नागपूर योजना’ सिद्ध झाली. शेतीसंपन्न प्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे तिचे उद्दिष्ट होते. ब्रह्मपुरी तेव्हा त्याच मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात मोडे. योजनेचे माप लांबीचे होते. रस्ता कसा आहे, हे त्यावरून कळत नसे. परंतु उमरेड-नागभीडमार्गे ब्रह्मपुरीस येऊन वैनगंगेपलीकडे आरमोरीस जाणाऱ्या मार्गावर भाताची पोती असोत वा रुग्ण, प्रवासाचा काळ आणि कष्ट पृष्ठभागावरही अवलंबून असतात.

पृष्ठभाग मोजण्याचे एक यंत्र अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने १९४१ च्या सुमारास तयार केले होते. मोटारीमागे ओढावयाच्या एकचाकी गाड्यात, चाक सांगाड्याच्या तुलनेत किती हलले याची बेरीज करावयाची व ती अंतराने भागावयाची, हे त्याचे तत्त्व. याच जातीचा ‘बम्प इंटिग्रेटर’ पुढे भारतात रूढ झाला. त्याचा ठरीव वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर. मात्र हे यंत्र रस्ता मोजीत नाही, रस्त्याने चाकास दिलेला हादरा मोजते. स्प्रिंग सैल झाली, टायरातील हवा उतरली किंवा वेग बदलला, की तोच रस्ता निराळा अंक दाखवितो. म्हणून त्याची वारंवार पडताळणी करावी लागते.

१९६४ साली स्पँगलर व केली यांनी जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत हा दोष मुळातून दूर करणारी पद्धत मांडली. वाहनाची स्वतःची वरखाली हालचाल त्वरणमापकाच्या नोंदीवरून काढावयाची, वाहन व पृष्ठभाग यांतील अंतर स्वतंत्रपणे मोजावयाचे आणि दोहोंच्या वजाबाकीने रस्त्याचा उंचसखलपणा मिळवावयाचा. अंतर मोजण्याचे काम पुढे लेसरकडे आले. १९८२ साली ब्राझीलमध्ये निरनिराळी यंत्रे त्याच रस्त्यांवर चालवून पाहिली गेली. त्यातून निघालेला आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक जागतिक बँकेने १९८६ साली प्रसिद्ध केला. त्यात एक ठरीव काल्पनिक मोटार त्या उंचसखल रेषेवरून ताशी ८० किलोमीटर वेगाने गणिताने चालविली जाते.

त्यामुळे ब्रह्मपुरीचा अंक पुण्याच्या अंकाशेजारी ठेवता येतो. एरवी दूरच्या तालुक्याची तक्रार ही केवळ तक्रारच राहते. तथापि लेसरची नोंद कोरड्या पृष्ठभागावरच विश्वसनीय असते. धानाच्या बांध्या भरतात त्याच दिवसांत खड्डेही पाण्याने भरतात. उन्हाळ्यात घेतलेला अंक त्या रस्त्याविषयी मौन पाळतो. म्हणून अंकाबरोबर मापनाचा महिनाही नोंदविला पाहिजे.